रेघ मारलेली वाक्यं

मी मराठीचा शिक्षक आहे आणि ती कादंबरी मी वाचलेली नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला सकाळपासून तीनदा चहा करून घ्यावा लागला. बायको शेवटी म्हणाली, काय एवढं लिहायलात, सात-बारा का? मी म्हटलं, तसंच समज.

कादंबरीचं नाव सांगत नाही. जुनी आहे, जाडजूड आहे, मराठीतल्या चांगल्या पुस्तकांची यादी कुणीही केली तरी ती त्यात असतेच. तिचा या सगळ्यात काही दोष नाही. लिहिणाऱ्याचा तर मुळीच नाही. दोष माझा आहे आणि तो असा की तिच्यातली वाक्यं काढून काढून मी इतकी वर्षं गाजलो, आणि त्याच वाक्यांपैकी एकाने आमच्या शाळेतल्या एका सरांच्या निरोपाचा दिवस मी नासवला. माणसाला नोकरीत निरोपाचा दिवस एकच मिळतो. तो नासलाय हे मला पुढे दीड महिना माहीतसुद्धा नव्हतं, उलट मी खूश होतो.

सुरुवात फळ्यापासून झाली. तीर्थपुरीच्या पुढे आमची शाळा. मी लागलो त्या वर्षी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दोन खाती दिली, सूत्रसंचालन आणि सुविचार. कार्यालयाच्या भिंतीवर एक लहान फळा असतो, त्याच्यावर रोज वार, तिथी, पट आणि खाली सुविचार. सुविचारांची पुस्तकं बाजारात पैशाला पासरी मिळतात, पण त्यातले सगळे सुविचार सगळ्या शाळांच्या सगळ्या भिंतींवर आधीच रंगवलेले. मला वेगळं काहीतरी पाहिजे होतं. माझा स्वभाव मुळातच मिरवायचा. लहानपणी पोळ्याला बैलापेक्षा मीच जास्त नटायचो, असं आई अजून सांगते.

शिक्षकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ती कादंबरी सापडली. खाकी कव्हर, पाठीला चिकटपट्टी. मी नेटाने वाचायला बसलो. पंचवीस-तीस पानं झाली. एक गाव, एक नदी, एक लग्न, आणि त्या लग्नात कोण कुणाचा कोण हे काही केल्या ध्यानात राहीना. मी पेंगलो. मग पानं नुसतीच चाळताना दिसलं की कुणीतरी पेन्सिलीने अधूनमधून वाक्यांखाली रेघा मारल्यात. रेघ सरळ नव्हती, नागमोडी होती. मी मनाशी ठरवलं, एसटीत बसून वाचलं असेल कुणीतरी, आमच्या रस्त्यावर सरळ रेघ कुणाच्या बापाला मारता येते? पण वाक्यं वाचली आणि चाट पडलो. एकाहून एक. गोड, वजनदार, जुन्या वळणाची. जमिनीबद्दल, सबुरीबद्दल, नम्रपणाबद्दल. वाटलं, कुणा रसिक माणसाने निवडण-टिपण आधीच करून ठेवलंय, आपण फक्त डबा भरायचा.

एक वही घातली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त रेघा बघत गेलो आणि साठ-एक वाक्यं उतरवून घेतली. दोन संध्याकाळी लागल्या. पाचशे पानांची कादंबरी दोन संध्याकाळी. त्या वाक्याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, ते कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, यातलं काहीही मी बघितलं नाही. बघावं असं मनातसुद्धा आलं नाही.

आणि मग काय विचारता. फळ्यावर वाक्य आणि त्याखाली कंसात कादंबरीचं नाव. पोरं वहीत उतरवून घ्यायची. पुढे मोबाइल आले, तेव्हा फळ्याचा फोटो शाळेच्या ग्रुपवर जायला लागला, तिथून केंद्राच्या, तिथून तालुक्याच्या. लोक मला लग्नात दोन शब्द बोलायला उभं करू लागले, दशक्रियेला श्रद्धांजलीसाठी बोलावू लागले. मी डोळे मिटून, एक हात वर करून, अमुक कादंबरीत म्हटलंच आहे, अशी सुरुवात करायचो. समोरचा जमाव मान डोलवायचा. केंद्रप्रमुख एकदा जाहीर सभेत म्हणाले, हे म्हणजे आमच्या तालुक्याचं चालतंबोलतं ग्रंथालय. मी मान खाली घातली. ती विनयाने घातली असं लोकांना वाटलं.

बायकोने एकदा विचारलं होतं, त्या कादंबरीत शेवटी होतं तरी काय? मी म्हणालो, शेवट सांगायचा नसतो, वाचायचा असतो. ती बिचारी कामाला लागली. अशी माझी हुशारी.

आता सरांबद्दल. ते गणित शिकवायचे. मूळचे घनसावंगीकडच्या एका खेड्यातले, घर अंबडला. बौद्ध समाजातले, त्यांच्या वस्तीतून शिकून नोकरीला लागलेले पहिलेच. मी शेतीवाल्या घरातला; आमची बैठक, आमचे गडी, आमच्या विहिरी. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ते लागणार आहे. शाळेत आम्ही एकमेकांना सर म्हणायचो, एका टेबलावर डबा खायचो, आणि मला वाटायचं संपलं, आणखी काय असतं? सर बोलायला कमी. गंमत केली तर हसायचे, पण स्वतः होऊन गंमत करायचे नाहीत. अंबडहून सकाळच्या एसटीने सगळ्यांच्या आधी यायचे आणि सही करायला जाण्याआधी त्या फळ्यासमोर उभे राहून सुविचार वाचायचे. रोज. हातात डब्याची पिशवी, चष्मा कपाळावर. वाचायचे, क्षणभर तसेच थांबायचे आणि आत जायचे. मी लांबून बघायचो आणि मला बरं वाटायचं. म्हणायचो, चला, आपला एक तरी वाचक पक्का आहे.

सर निवृत्त व्हायचे ठरले तेव्हा मानपत्र अर्थातच माझ्याकडे आलं. आमच्याकडे निरोप समारंभ म्हणजे जोडप्याला आहेर, शाल, श्रीफळ आणि मानपत्र. शाल पेटीत जाते, नारळ फुटतो, मानपत्र तेवढं भिंतीवर राहतं. म्हणून लोक मानपत्राला जपतात. मी पंचक्रोशीतली मानपत्रं लिहिलेली, मला त्याचा साचा पाठ. पण सरांसाठी म्हणून खास बसलो. मजकूर चांगला झाला होता, आजही सांगतो, झाला होता. फक्त मध्यभागी, सरांच्या शांत स्वभावाबद्दल लिहिलं तिथे, एखादं वाक्य जडवावंसं वाटलं. वही काढली. आणि जे सगळ्यात सुंदर होतं ते निवडलं.

ते वाक्य मी इथे उतरवत नाही. पुष्कळदा उतरवून झालंय. अर्थ असा होता की जमिनीवर कुणीही पाय दिला तरी ती तक्रार करत नाही, म्हणून तिच्यावर पीक उभं राहतं, आणि माणूसही तसा असला की त्याचं भलं होतं. त्याच्या पुढे मी आपल्या पदरचं लिहिलं की आमचे सर असेच आहेत.

अंबडच्या छपाईवाल्याकडे स्वतः जाऊन बसलो. कोर्टाचा दिवस होता, बाजूला अर्ज टाइप करून घेणाऱ्यांची गर्दी, आणि मी त्या पोराला सांगतोय की हे एवढं वाक्य जाड ठशात घे, सोनेरी कर, दोन्ही बाजूला वेलबुट्टी काढ. फ्रेमही मीच पसंत केली.

समारंभ दुपारी झाला. सर आणि त्यांच्या मंडळी स्टेजवर, पहिल्या रांगेत खुर्चीवर त्यांची म्हातारी माय. मी मानपत्र वाचलं. त्या वाक्यापाशी आलो तेव्हा थांबलो, श्वास घेतला, कादंबरीचं नाव घेतलं आणि वाक्य दोनदा म्हटलं. टाळ्या पडल्या. सरांनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि खांद्यावरून घसरणारी शाल सारखी केली. मग उत्तराला उभे राहिले. दोन मिनिटं बोलले. घंटा देणाऱ्या मामांचे आभार मानले, खिचडी शिजवणाऱ्या बाईंचे मानले, पोरांना म्हणाले पाढे पाठ करा. मानपत्राबद्दल एक अक्षर नाही. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, कोरडा माणूस आहे, एवढं लिहिलं, कौतुकाचा शब्द नाही. दोन दिवस मी रुसून होतो. त्या रुसव्याची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि अंबडच्या एका वाचनालयाचा फोन आला. त्यांनी एकेका पुस्तकावर व्याख्यानं ठेवली होती आणि त्या कादंबरीवर माझ्याशिवाय कोण बोलणार? मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि वही काढून चाळली. पाऊण तास बोलायचं म्हणजे वहीवर भागणार नव्हतं. शाळेतून प्रत घरी आणलेलीच होती. म्हटलं, बस बाबा आता.

शेतावर कापसाची वेचणी चालू होती. वेचणाऱ्या बायांची पाटी येईपर्यंत मला काही काम नसायचं. लिंबाखाली बाज टाकून मी वाचत होतो. या खेपेला नदी ओलांडली, लग्न ओलांडलं आणि कादंबरीने मला धरलं. एक जमीनदार आहे. बोलायला फार गोड. कुणाला शिवी देत नाही, कुणावर हात टाकत नाही. त्याच्याकडे एक गडी आहे, महारवाड्यातला, तो जवळजवळ बोलतच नाही. लिहिणाऱ्याने पुस्तकातली सगळ्यात देखणी भाषा त्या जमीनदाराच्या तोंडात घातलीय आणि गड्याला नुसतं जी, जी. हे मुद्दाम केलंय, हे आंधळ्यालासुद्धा कळावं. वाचत गेलो तसतसं एकेक ओळखीचं वाक्य यायला लागलं, खाली पेन्सिलीची रेघ. पहिलं वाक्य जमीनदाराचं निघालं. दुसरं त्याचं. तिसरं त्याच्या बायकोचं, गड्याच्या बायकोला शिळं देताना. मी वही आणून शेजारी ठेवली आणि ताडून बघायला लागलो. साठातलं एकही गड्याचं नव्हतं.

मग ते आलं, जमिनीचं. गडी आपल्या लेकराला घेऊन दारात उभा आहे. शाळेत घालू का म्हणून विचारायला आलाय, कारण मालकाने गुरांमागे सोडायला पोरगं मागितलंय. जमीनदार उठतो, पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो, हसतो आणि ते वाक्य म्हणतो. पुढच्या प्रकरणात पोरगं गुरांमागे आहे.

मी बाजेवरून उठलो आणि उगीच विहिरीपर्यंत जाऊन आलो. वेचणाऱ्या बायांपैकी एक म्हणाली, सर, पाटी भरली, जोखून घ्या जल्दी. मी वजन घेतलं. काय घेतलं ते मला आठवत नाही. डोक्यात एकच चालू होतं, की ज्या माणसाने आपल्या सगळ्या वस्तीतून पहिला पाय शाळेत टाकला, त्याला मी हे वाक्य सोनेरी अक्षरात, वेलबुट्टी काढून, भर सभेत, दोनदा म्हणून दाखवलं. त्याच्या आईसमोर. आणि वर टाळ्या घेतल्या.

वाचनालयाला घसा बसलाय म्हणून कळवलं. खोटं बोललो. शाळा उघडली तेव्हा फळा दुसऱ्या सरांकडे देऊन टाकला, त्यालाही प्रकृतीचं कारण. धीर गोळा करायला आणखी दहा-बारा दिवस गेले. दोनदा अंबडला गेलो आणि बसस्टँडवरच रस पिऊन परत आलो. तिसऱ्या वेळी कादंबरी पिशवीत घालून थेट सरांच्या दारात उभा राहिलो.

सर ओसरीवर खुर्ची टाकून कसल्यातरी फॉर्मवर पेन्शनचे आकडे भरत होते. मला बघून उठले. “या या सर. बसा. कधी आल्ते?” पाणी आलं. मी पाणी हातात घेऊन बसलो आणि पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्यासमोर ठेवलं. चांगली चार वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना. शेवटी जे आलं ते तोंडातून गेलं.

“सर, मी हे पुस्तक वाचलेलं नव्हतं.”

सरांनी पुस्तक ओढून घेतलं, चिकटपट्टीवर बोट फिरवलं. “माहीत आहे,” ते म्हणाले.

“दिवाळीत वाचलं. ते मानपत्रातलं... ते कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, मला खरंच माहीत नव्हतं.”

“ते बी माहीत आहे.” त्यांनी पुस्तक उलटं करून मागचं पान उघडलं. तिथे घेणाऱ्याच्या नावाचं पिवळं कार्ड अजून चिकटलेलं. त्यावर एकच सही होती, सरांची, नोकरीच्या पहिल्या वर्षातली. “तुम्ही मागचं पान कधी पाह्यलंच न्हाई वाटतं.”

मी विचारलं, “मग या रेघा?”

“माझ्याच.” पान उलटत ते बोलत होते, आवाज चढवला नाही, तो त्यांना कधी चढवता येतच नव्हता. “पोरांच्या पेपरात चुकीच्या गणिताखाली मी अशीच नागमोडी रेघ मारतो. बराबर असलं तर नुसती खूण. हे वाचलं तेव्हा मी बावीस-तेवीसचा होतो. जी जी वाक्यं मी माझ्या सोत्ताच्या कानानं ऐकेल होती, त्याखाली रेघ मारत गेलो. एवढंच. कुणी वाचंल असं वाटलं नव्हतं.”

गावातल्या कुणाच्या तोंडून ऐकली होती, हे मी विचारलं नाही. माझी छाती झाली नाही. आमच्या बैठकीवर लोडाला टेकून आजोबा गड्यांशी कसं गोड बोलायचे ते मला लख्ख आठवत होतं, आणि घरात सगळे म्हणायचे की त्यांनी जन्मात कुणाला शिवी दिली नाही.

“तुम्ही रोज वाचायचे फळा,” मी म्हणालो. “मला वाटायचं तुम्हाला आवडतो.”

सर हसले. खरंच हसले. “पयल्या वर्षी वाटलं, मुद्दाम लिहून राह्यले. मला दाखवायला. लई राग आला. मुख्याध्यापकांकडं जावं म्हटलं. मंग एक दिवस तुमचं भाषण ऐकलं कुणाच्यातरी दशक्रियेत, तिथं बी तेच. तवा कळलं, ह्या माणसानं वाचलंच न्हाई. नुसत्या रेघा पाहून राह्यला.”

“सांगायचं होतं, सर. एकदा सांगायचं होतं.”

“काय सांगू? मराठीच्या सरांना गणिताच्या सरांनी सांगावं, की तुम्ही पुस्तक वाचा? आन माझी रेघ आहे म्हणून सांगितलं असतं तर पुढचं बी सांगावं लागलं असतं, कुठं ऐकलं, कुणाकडून ऐकलं. तेवढं बोलायची मला आदत न्हाई. मी आपला रोज वाचायचो, आज कोणचं आलं म्हणून. मंग तासावर जायचो.”

मी मोजलं नाही, पण मनात आलंच, किती सकाळी झाल्या असतील. माणसाने जे विसरावं म्हणून गाव सोडलं, नोकरी धरली, घर बांधलं, ते मी रोज सकाळी सुवाच्य अक्षरात त्याच्या वाटेत लिहून ठेवत होतो. कुणी मुद्दाम केलं असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. माझ्या अडाणीपणाशी सर काय भांडणार? मी म्हणालो, मी दुसरं मानपत्र करून आणतो. मजकूर तुम्हाला दाखवतो, मगच छापतो. ते जुनं मला द्या, मी माझ्या हाताने फाडतो.

सरांनी मान हलवली. “बिलकुल नको. निरोप एकदा झाला माझा. दुसऱ्यांदा कुठं होतो?” मग आवाज बारीक करून म्हणाले, “आन ते काढता बी येत न्हाई. मायनं लावलंय.”

तेवढ्यात आतून हाक आली. कोण आलंय म्हणून. सर उठायच्या आधीच म्हातारी काठी टेकत दारात आली. मला तिने ओळखलं. “आरं, हे तं ते मानपत्रवाले सर! या की आत. बाहीर काय बसवलंय रे यांना.”

आत गेलो. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली ते. सोनेरी वेलबुट्टी लांबून चमकत होती. फ्रेमला झेंडूचा हार घातलेला, ताजा. माय पलंगावर बसली आणि मला समोर खुर्ची दाखवली.

“मला वाचता येत न्हाई,” ती म्हणाली. “जे कोणी येतं त्याला वाचाय लावते. ह्यो न्हाई वाचत. म्हनतो, सोत्ताचं सोत्ता कसं वाचू? सून वाचती. पोस्टाचा मानूस आल्ता, त्यानं वाचलं. पन त्या दिवशी तुमच्या तोंडून ऐकलं तसं न्हाई येत कोणाला. वाचा की एकदा.”

मी सरांकडे बघितलं. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. नको म्हणतील, काही कारण काढतील, असं मला वाटलं. ते तसेच टेकून राहिले.

मी उठून भिंतीजवळ गेलो. चष्मा काढला, पुसला, घातला. वाचायला लागलो. पहिला परिच्छेद, सरांचा जन्म, शिक्षण. माय प्रत्येक ओळीला मान हलवत होती. लेकराने शिकावं म्हणून ती आणि तिचा नवरा कुणाकुणाच्या रानात राबले, ते मी त्यात लिहिलं होतं. तिथे तिने पदर डोळ्याला लावला. मध्यभाग आला. सोनेरी अक्षरं समोर होती. मी एक ओळ सोडली आणि पुढच्या ओळीवर गेलो. आवाज सारखाच ठेवला. इतकी वर्षं सभा मारल्यात, तेवढं मला जमतं.

“थांबा सर,” माय म्हणाली. “मधलं एक राह्यलं.”

मी म्हटलं, “काय राहिलं?”

“जमिनीचं. त्याच्या आधी तुमी म्हनलं न्हवं, शांत सोभावाचे म्हनून? त्याच्या फुडं जमिनीचं हाय. मला सगळं पाठ झालंय आता. त्येच तं चांगलं हाय त्यातलं. त्याला टाळ्या पडल्या व्हत्या.”

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे वळून सरांकडे बघायची सोय नव्हती. सांगता आलं असतं, आजी, ते वाक्य चुकून छापलंय. ती विचारणार, का बरं? आणि मग ज्याला तेवढं बोलायची सवय नव्हती त्या माणसाला तिच्यासमोर सगळं बोलावं लागलं असतं. मी वाक्य वाचलं. एका दमात वाचलं, कादंबरीचं नाव घेतलं नाही.

“हां. बराबर,” माय म्हणाली. मग जरा वेळाने, आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, “म्या हे आधी बी कुठंतरी ऐकेल हाय. लई जुनं हाय हे. कोन म्हनलं व्हतं ते ध्येनात येत न्हाई. कोनीतरी मोठ्या मानसानंच म्हनलं आसंल.”

दारातून सर आत पाणी आणायला गेले. ओसरीवरचा माझा मघाचा पेला अजून भरलेलाच होता.

“पुन्यांदा वाचा तेवढं,” ती म्हणाली. “जरा सावकाश.”

मी पुन्हा वाचलं. सावकाश.